उणे अठरा

नोकरीत मी पहिल्यांदा एक मॉड्यूल ‘मेलं’ म्हणून जाहीर केलं, तेव्हा ते ठणठणीत होतं.

मॉड्यूल म्हणजे फायबरच्या काचेच्या धाग्यातून प्रकाशाने संदेश पाठवणारी आणि घेणारी छोटी पेटी. ती तपासायच्या टेस्ट बेंचवर रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. फायबरमधून येणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतो, ही युक्ती कुणीतरी शिकवली होती. नव्या माणसाच्या हाती अशी एखादी युक्ती लागली की तो ती जिथे तिथे चालवतो. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या मॉड्यूलसमोर फोन धरला की पडद्यावर फिकट जांभळा ठिपका उमटायचा. ठिपका दिसला की माझ्या लेखी मॉड्यूल पास. त्या दिवशी ट्रेमध्ये वेगळा माल आला होता. एक उचललं, बोर्डात खोचलं, फोन धरला. काळंकुट्ट. दुसरं घेतलं, तेच. चार मॉड्यूलांवर लाल स्टिकर चिकटवले आणि सरांकडे गेले.

“सर, ही सगळी मेलेली आहेत.”

त्यांनी आधी लेबल वाचलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

“अगं, हे १३१० आहे. मॉड्यूल नाही मेलेलं, तुझा फोन आंधळा आहे.”

पॉवर मीटर लावला. उणे दोन डीबीएम. (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप. आकडा जितका उणे, तितका प्रकाश क्षीण.) चारही मॉड्यूलं सुखरूप. (फोन धरायचा तो फोनच, डोळा कधीच नाही. न दिसणाऱ्या प्रकाशापुढे पापणीही मिटत नाही, म्हणून तो जास्त वाईट.)

फोनचा कॅमेरा सिलिकॉनचा असतो. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, येऊन इलेक्ट्रॉनला त्याच्या जागेवरून उठवतो, तेव्हाच सिलिकॉनला प्रकाश ‘कळतो’. उठवायला किमान अमुक इतकी ऊर्जा लागते. तरंगलांबी वाढली की फोटॉनची ऊर्जा कमी होते, आणि साधारण ११०० नॅनोमीटरच्या पुढे ती सिलिकॉनला पुरत नाही. १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाला सिलिकॉन खिडकीच्या काचेसारखं असतं, प्रकाश आरपार निघून जातो. म्हणून लांब पल्ल्याच्या मॉड्यूलमध्ये ऐकण्याचं काम इंडियम, गॅलियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्र स्फटिकाकडे असतं. ते साधारण १६५० नॅनोमीटरपर्यंत बघू शकतं.

दोष घेणाऱ्यात होता आणि ठपका देणाऱ्यावर आला. तेव्हापासून हा खेळ मी दोन्ही बाजूंनी पाहत आले आहे. बहुतेक वेळा तो उलट्या दिशेने चालतो.

*

एसएफपी ट्रान्सीव्हर, म्हणजे असंच एक मॉड्यूल, उघडून पाहिलं नसेल तर त्यात काय असेल असं वाटतं कोण जाणे. बाहेरून ती बोटभर लांबीची धातूची पेटी. एका टोकाला सोनेरी पट्ट्यांची कड, ती नेटवर्कच्या स्विचमध्ये खुपसायची. दुसऱ्या टोकाला शेजारी-शेजारी दोन भोकं, त्यांत फायबर. कवच उचकटलं की एक हिरवा बोर्ड, त्यावर थोड्या चिप्स, आणि भोकांच्या मागे दोन बारकी नळकांडी. जुळी भावंडं वाटावीत इतकी सारखी. एकाचं नाव टोसा, दुसऱ्याचं रोसा. वीज घेऊन प्रकाश देतो तो टोसा, प्रकाश घेऊन वीज देतो तो रोसा. बाकीचा बोर्ड म्हणजे या दोघांची सरबराई.

मला सुरुवातीला टोसाचंच आकर्षण होतं. ते स्वाभाविक होतं, त्यात लेझर असतो. रोसात काय, एक फोटोडायोड. कुणाला विचारलं “कशावर काम करतेस?” तर “लेझरवर” म्हणण्यात जो रुबाब आहे तो “डिटेक्टरवर” म्हणण्यात नाही.

टोसाची जुळणी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा अर्धा तास काचेला नाक लावून उभी होते. लेझरची चिप मिठाच्या कणाएवढी, अडीचशे-तीनशे मायक्रॉनची. प्रकाश बाहेर पडतो तो तिच्या कडेवरच्या एक-दोन मायक्रॉनच्या फटीतून, आणि बाहेर पडताच पंख्यासारखा पसरतो. तो भिंगाने गोळा करून फायबरच्या गाभ्यात घालायचा. सिंगल मोड फायबरची काच १२५ मायक्रॉन जाड असते, पण प्रकाश चालतो तो मधल्या नऊएक मायक्रॉनमध्ये. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला, तर केसाच्या आठव्या हिश्शाएवढ्या भोकात नेम धरायचा. आणि नुसता धरून भागत नाही, तो पुढची कित्येक वर्षं उन्हातान्हात, थंडीत, पंख्याच्या थरथरीत ढळता कामा नये.

हा नेम धरण्याची रीत मला अजूनही सुंदर वाटते. लेझर पेटवायचा. समोर फायबर, फायबरच्या दुसऱ्या टोकाला मीटर. यंत्र फायबरला गोल गोल, फिरकीसारखं हलवत नेतं. मीटरवर काही नाही, काही नाही, आणि एकदम आकडा हलतो. पहिला प्रकाश सापडला. मग पाव-पाव मायक्रॉनने वर, खाली, पुढे, मागे, आकडा चढतो तिकडे. शिखर आलं की यंत्र थांबतं. मोजपट्टी नाही, खुणा नाहीत, प्रकाशालाच विचारत विचारत जायचं.

आणि मग ते तिथे पक्कं करायचं. बऱ्याच ठिकाणी हे दुसऱ्या, ताकदवान लेझरने झाळून करतात. धातू क्षणात वितळतो, क्षणात थिजतो, आणि थिजताना आकसतो. आकसताना फायबरला आपल्याकडे ओढून घेतो. इतक्या मिनतवारीने गाठलेलं शिखर जोडणीच्या क्षणीच निसटतं! म्हणून एकाच वेळी तीन बाजूंनी, एकशेवीस अंशांच्या कोनांत झाळतात, म्हणजे तिन्हींची ओढ एकमेकांना मारून टाकते. कागदावर मारून टाकते. प्रत्यक्षात थोडी उरतेच. मग ज्या बाजूला सरकलं त्याच्या विरुद्ध बाजूला आणखी एक टाका घालून त्याला परत ओढतात. हे काम करणारी एक ऑपरेटर होती. पडद्यावरचा आकडा उतरलेला दिसला की ती “रुसला” म्हणायची, आणि टाका घालून चढला की काहीच म्हणायची नाही.

*

टोसाच्या पोटात आणखी एक गोष्ट असते, ती मला बऱ्याच उशिरा नीट समजली. लेझरच्या मागच्या बाजूनेही थोडा प्रकाश गळतो. तिथे एक छोटा फोटोडायोड बसवलेला असतो, लेझरवर पाळत ठेवायला. लेझर तापला की त्याला तेवढाच प्रकाश द्यायला जास्त प्रवाह लागतो, म्हातारा झाला तरीही. मागचा डायोड प्रकाश कमी झाल्याचं सांगतो, सर्किट प्रवाह वाढवतं, प्रकाश पुन्हा जागेवर. बोलणारा आपलाच आवाज ऐकत बोलतो, तसं हे.

ही सोय झकास आहे आणि तिनेच मला एकदा अख्खा दिवस फिरवलं. एका लिंकवर पलीकडे प्रकाश कमी पोचत होता. अलीकडच्या मॉड्यूलला त्याची पाठवलेली पॉवर विचारली, तर तो छातीठोकपणे सांगतो, सगळं ठीक. फायबर तपासली, जोड तपासले, टोकं पुसली, पलीकडचा रोसाच बदलायला लावला. शेवटी वैतागून मॉड्यूलच्याच तोंडाला मीटर लावला, तर प्रकाश सांगितल्याच्या पाव हिस्सा. सहा डीबीचा फरक. मॉड्यूल जी पॉवर सांगतं ती फायबरमध्ये गेलेली नसते, मागच्या डायोडने पाहिलेली असते. पुढे कुठेतरी नेम ढळलेला, टाका सुटलेला, आणि लेझर आपला मागच्या मागे स्वतःचा आवाज ऐकून खूश. पलीकडच्या बिचाऱ्या रोसाला मात्र आम्ही दोनदा उपटून काढलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

त्यातल्या त्यात टोसाचा एक सद्गुण कबूल करायला हवा. तो सांगून मरतो. प्रवाहाचा आकडा महिनोन्महिने हळूहळू चढत असतो, आणि तो सुरुवातीच्या दीडपट झाला की आयुष्य संपलं असं धरायची पद्धत आहे. नोंद ठेवणारा कुणी असेल तर मॉड्यूल आधी निरोप देऊन जातं. नोंद ठेवणारा बहुधा नसतो, हा भाग वेगळा.

*

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त चकवलं ती. डिजिटल म्हणजे एक आणि शून्य, दिवा चालू आणि दिवा बंद, असं आपण शाळेपासून ऐकतो. मीही तेच डोक्यात घेऊन आले होते. ऑसिलोस्कोपवर पहिल्यांदा मॉड्यूलचा ‘आय’ पाहिला, म्हणजे सगळे बिट एकमेकांवर रचून डोळ्यासारखी आकृती दिसते ती. वरची पापणी म्हणजे एक, खालची म्हणजे शून्य. आणि खालची पापणी तळाला टेकलेलीच नव्हती. मला वाटलं, कॅलिब्रेशन चुकलं.

चुकलं नव्हतं. शून्य पाठवताना लेझर विझवत नाहीत.

लेझर पेटायला एक उंबरठा असतो, प्रवाह त्याच्या वर गेला तरच तो लेझरसारखा वागतो. खाली गेला की तो नुसता मिणमिणता दिवा. पूर्ण विझवून पुन्हा पेटवायला गेलं तर आत इलेक्ट्रॉनांची गर्दी जमेपर्यंत वेळ जातो, आणि जमल्यावर प्रकाश एकदम उसळतो, हेलकावे खातो, मग थाऱ्यावर येतो. एका सेकंदात दहा अब्ज बिट पाठवायचे तर एका बिटाला मिळतो नॅनोसेकंदाचा दहावा हिस्सा. तेवढ्यात असली नाटकं परवडत नाहीत. म्हणून लेझरला उंबरठ्याच्या वरच, जणू घरातच, ठेवतात. एक म्हणजे जास्त उजेड, शून्य म्हणजे कमी उजेड. किती कमी? दहा किलोमीटरच्या १० जी, म्हणजे याच वेगाच्या, मॉड्यूलसाठी मानक मागतं किमान साडेतीन डीबीचा फरक. म्हणजे ‘एक’ हा ‘शून्या’च्या जेमतेम सव्वादोनपट उजळ असला तरी चालतो. जुन्या १ जी च्या लांब पल्ल्याच्या मॉड्यूलांना नऊ डीबी, म्हणजे आठपट लागायचा. वेग वाढला तसा अंधार परवडेनासा झाला.

हे कळल्यावर एक-दोन दिवस मी चक्क नाराज होते. इतकी वर्षं ज्याला अंधार समजत होते तो निम्मा उजेड निघाला.

याला एक अपवाद आहे, आणि तो घरोघरी असतो. फायबरचं इंटरनेट घरात आणणारी जी पांढरी डबी, तिच्यातून बाहेर जाणारा प्रकाश एका सामाईक फायबरमध्ये मिसळतो. बत्तीस, कधी चौसष्ट घरं एकाच धाग्यावर. प्रत्येकाने आपली पाळी आली की बोलायचं आणि पाळी संपली की खरोखर गप्प बसायचं. इथे शून्याचा मिणमिणता उजेडही चालत नाही, कारण आपल्या मिणमिणण्याने दुसऱ्याचं बोलणं बुडतं. पाळी संपूनही उजेड पाडत राहणारी एक बिघडलेली डबी अख्ख्या धाग्याला वेठीला धरते. बाकीचे सगळे आपापल्या डब्या बंद-चालू करत बसतात.

या डबीत टोसा आणि रोसा वेगळे नसतात. दोघांचं एकत्र बिऱ्हाड, त्याला बोसा म्हणतात. एकच फायबर, जाणारा प्रकाश १३१० नॅनोमीटरचा, येणारा १४९० चा. मध्ये पंचेचाळीस अंशांत एक इवलीशी काच तिरपी उभी. तिच्यावर असे पातळ थर चढवलेले की १३१० सरळ पार जातो आणि १४९० वळून बाजूला बसलेल्या डिटेक्टरवर पडतो. बोलायला दीडएक मिलीवॅट, ऐकायचं ते कधी कधी दोन मायक्रोवॅटपर्यंत उतरलेलं. सातआठशे पट फरक, आणि दोघे काही मिलिमीटरवर. स्वतः ओरडत असताना कुणाची तरी कुजबुज ऐकायची असं हे काम. ते घरच्या कोपऱ्यात धूळ खात, वर्षानुवर्षं, कुणी शाबासकी न देता चाललेलं असतं. लाल दिवा लागला की मात्र सगळ्यांना त्याची आठवण येते.

*

प्रकाशावरून आवाज पाठवण्याचा पहिला प्रयोग फायबरच्या कितीतरी आधीचा आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स सम्नर टेन्टर यांनी १८८० साली वॉशिंग्टनमध्ये ‘फोटोफोन’ बनवला. टेन्टर एका शाळेच्या छपरावर, बेल २१३ मीटरवरच्या प्रयोगशाळेत. पाठवणारं यंत्र म्हणजे पातळ आरसा, बोललं की तो थरथरायचा आणि त्यावरून परावर्तित झालेलं ऊनही थरथरायचं. ऐकणारं यंत्र म्हणजे सेलेनियम. उजेड पडला की या पदार्थातून वीज जास्त सहज वाहते, हे १८७३ मध्ये लक्षात आलं होतं. टेन्टर यंत्रात काय म्हणाले, तर ऐकू येत असेल तर खिडकीत येऊन हॅट हलवा. बेल यांनी हलवली.

मला या गोष्टीत गंमत वाटते ती आरसा आणि सेलेनियम यांच्यातल्या फरकाची. आरसा तर कुणाकडेही असतो. सगळा डाव ऐकणाऱ्या पदार्थावर होता. पुढे मात्र उलटं झालं आणि बोलणाऱ्यासाठी थांबावं लागलं. अर्धवाहक लेझर १९६२ मध्ये आला, पण तो द्रव नायट्रोजनच्या थंडीत, तोही झटक्या-झटक्यांनी चालायचा. खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा लेझर १९७० मध्ये झाला, लेनिनग्राडला झोरेस अल्फेरॉव्ह यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत हायाशी आणि पॅनिश यांनी. काचही नेमकी त्याच वर्षी सुधारली. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये सांगितलं होतं की किलोमीटरला वीस डीबीपर्यंत गळती आणली तर काचेतून संदेश जाऊ शकेल, आणि कॉर्निंगच्या लोकांनी १९७० मध्ये ती वेस ओलांडली. वीस डीबी म्हणजे शंभरातला एक भाग उरला. आज एका किलोमीटरला डीबीचा पाचवा हिस्साही जात नाही अशी काच मिळते, त्यामुळे वीस डीबीचा कुणी आनंद मानला होता हे सांगूनही खरं वाटत नाही.

*

रोसाकडे मी वळले ती एक रोसा जाळल्यावर.

ऐंशी किलोमीटरचं १० जी मॉड्यूल होतं. इतक्या लांबून येणारा प्रकाश इतका क्षीण असतो की साधा फोटोडायोड पुरत नाही. तिथे एपीडी, म्हणजे अ‍ॅव्हलांच फोटोडायोड, लागतो. एपीडीवर उलट्या दिशेने तीस-चाळीस व्होल्ट लावलेले असतात. एका फोटॉनने एक इलेक्ट्रॉन उठवला की तो त्या दाबाखाली धावत सुटतो, धडका मारून आणखी उठवतो, ते आणखी उठवतात. डोंगरावरून एक दगड सुटावा आणि दरड कोसळावी तसं. एकाचे साधारण दहा होतात. जिवाचा कान करून ऐकणं म्हणतात ते याला.

मला फक्त मॉड्यूल चालतंय का एवढंच बघायचं होतं. अर्ध्या मीटरची पॅचकॉर्ड घेतली आणि त्याच मॉड्यूलच्या टोसाचा प्रकाश त्याच्याच रोसात घातला. मध्ये ॲटेन्युएटर लावायचा असतो, प्रकाश मुद्दाम मंद करणारा. तो दोन बेंच पलीकडे होता आणि मला उठायचा कंटाळा आला. निघणारा प्रकाश अधिक तीन डीबीएम. रोसाने जास्तीत जास्त सोसावा तो उणे सात. म्हणजे दहापट. ऐंशी किलोमीटरवरची हाक ऐकायला टवकारलेल्या कानाजवळ जाऊन मी बोंब ठोकली होती.

धूर नाही, आवाज नाही, काही नाही. लिंकही लागली! मी खुशीत पॅचकॉर्ड काढली. दुसऱ्या दिवशी त्या मॉड्यूलची संवेदनशीलता मोजली तेव्हा कळलं, भरघोस प्रकाश असला की ते चालत होतं, पण क्षीण प्रकाश त्याला ऐकूच येत नव्हता. बहिरं नव्हे, पण ज्या कामासाठी ते घडवलं होतं नेमकं तेवढंच जमेनासं झालेलं. टोसासारखी चढत्या आकड्यांची सूचना इथे नाही. नुकसान होऊन गेलेलं असतं आणि लिंकचा हिरवा दिवा लागलेला असतो.

त्या रोसाचं मी शवविच्छेदन केलं. टोपी कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सोन्याचा मुलामा दिलेली चकती, तिच्यातून वर आलेल्या चार-पाच पिना, मधोमध डायोडची चिप, आणि तिला अगदी खेटून आणखी एक चिप. ही दुसरी कशाला, हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता. हिशेब केला. साध्या रोसावर दहा मायक्रोवॅट प्रकाश पडला तर डायोडमधून निघणारा प्रवाह नऊएक मायक्रोॲम्पियर. टोसाचा लेझर खातो तो दहा-वीस मिलिॲम्पियर, हजारपटीहून जास्त. एवढ्याशा प्रवाहाला चार मिलिमीटर तारेतून चालवलं तरी वाटेत आजूबाजूचा गोंगाट त्यात मिसळतो. म्हणून ॲम्प्लिफायर डायोडच्या शेजारी, त्याच टोपीखाली बसवतात. प्रवाहाचं व्होल्टेज तिथेच करायचं, मग बाहेर पाठवायचं.

सोन्याची तार डायोडवरून ॲम्प्लिफायरवर उतरलेली होती, कमानीसारखी. पंचवीस मायक्रॉन जाडीची असेल. बाकी डायोडवर काही दिसेल असं मला वाटलं होतं, डाग, तडा, काहीतरी. काही दिसलं नाही. सर शेजारी येऊन उभे राहिले, त्यांनीही पाहिलं.

“अजून एखादा जाळून बघ,” म्हणाले, “म्हणजे दोन होतील.” आणि ॲटेन्युएटर माझ्या बेंचवर ठेवून गेले. तो अजून तिथेच आहे.

*

हल्ली नवी मॉड्यूलं उघडली की जुनी नळकांडी दिसत नाहीत. ४०० जी, ८०० जी मध्ये चार-चार, आठ-आठ वाटा शेजारी-शेजारी. चिप्स सरळ बोर्डावरच बसवतात, किंवा सिलिकॉनच्याच तुकड्यात प्रकाशाच्या वाटा कोरतात. उजेडाच्या दोन पातळ्या पुरत नाहीत म्हणून चार करतात, म्हणजे एका ठोक्यात दोन बिट जातात. एक आणि शून्यातला फरक आधीच निम्मा होता, आता त्याचेही तीन तुकडे. चुका होणारच, असं गृहीत धरून त्या नंतर गणिताने दुरुस्त करतात. हे सगळं हुशारीचंच काम आहे, मी नाकारत नाही. पण सोन्याच्या टोपीत एक लेझर, दुसऱ्या टोपीत एक डोळा, ही स्वच्छ वाटणी मला आवडायची. शिवाय सिलिकॉन स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्यात इलेक्ट्रॉन खाली उतरताना ऊर्जा बहुतेक उष्णतेतच घालवतो. म्हणून इंडियम फॉस्फाइडचा लेझर आणून शेजारी चिकटवावाच लागतो, आणि पुन्हा तोच नेम, तोच मायक्रॉनचा हिशेब. घर बदललं, पाहुणा तोच.

तापमानाची कटकटही तीच. लेझर एक अंशाने तापला की त्याचा रंग नॅनोमीटरच्या दहाव्या हिश्शाने सरकतो. एकट्याचा संसार असेल तर काही बिघडत नाही. पण एका फायबरवर पाऊण-पाऊण नॅनोमीटरवर शेजारी असतील तर आठ अंश तापलेला लेझर थेट दुसऱ्याच्या घरात शिरतो. म्हणून त्याच्या बुडाशी पेल्टिए कूलर ठेवतात. वीज वाहवून गार करण्याचा हा परिणाम १८३४ पासून माहीत आहे. मॉड्यूल खाते त्यातली बरीच वीज लेझरला नव्हे, लेझरची मर्जी सांभाळायला जाते. रोसाचे असे लाड कुणी करत नाही.

धुळीबद्दल फार लिहीत नाही, त्यावर लिहायला बसले तर राग येतो. नऊ मायक्रॉनच्या वाटेवर पाच मायक्रॉनचा कण बसला की काय होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. जोडण्याआधी टोक बघा आणि पुसा. ‘रोसा खराब’ म्हणून परत आलेल्या मॉड्यूलांमधली किती तरी मी फक्त पुसून परत पाठवली आहेत.

*

संवेदनशीलता मोजण्याचं काम आता बहुतेक यंत्रच करतं. तरी संशयित मॉड्यूल आलं की मी हाताने मोजते. पाठवणारा एकीकडे, मध्ये ॲटेन्युएटर, पलीकडे रोसा, आणि चुका मोजणारा काउंटर. प्रकाश थोडा थोडा कमी करत जायचं. उणे दहा, काउंटर शून्य. उणे बारा, शून्य. उणे साडेचौदाच्या आसपास मानकाची हद्द संपते, इथवर ऐकू आलं की नियमाने मॉड्यूल पास. चांगला रोसा इथे अजून ढिम्म असतो. उणे सोळा, शून्य. उणे सतरा, शून्य.

उणे अठराला प्रत्येक बिटामागे त्याच्या वाट्याला सरासरी दहाएक हजार फोटॉन येत असतात. इथे मी थांबते. एक लाख कोटी बिटांमागे एक, अशी चुकांची मर्यादा मानलेली आहे. सेकंदाला दहा अब्जांच्या वेगाने याचा अर्थ शंभर सेकंदांत एक चूक. त्यामुळे बघत बसावं लागतं. अर्धा डीबी आणखी कमी केला तर सेकंदाला दोन-तीन चुका होतील, पूर्ण डीबी कमी केला तर शंभरएक, आणि त्यापुढे काउंटरचे आकडे वाचताही येणार नाहीत. सगळा खेळ या एका डीबीत आहे. त्याच्या अलीकडे रोसाला सगळं ऐकू येतं आणि पलीकडे नुसता गोंगाट.

परवा असंच एक मॉड्यूल होतं, ‘ऐकत नाही’ म्हणून आलेलं. टोक पुसलं, लावलं, उणे अठरावर आणून ठेवलं. नवी मुलगी शेजारी बसली होती, फोन हातात.

“काही होतच नाहीये, मॅडम,” ती म्हणाली.

“थांब.”

साठ सेकंद. ऐंशी. नव्वद. काउंटर शून्यावरच. एकशे दहाला शेवटचा आकडा शून्याचा एक झाला, आणि पुन्हा थांबला.